अँटिबॉडीने गाठ वाढते की कमी होते? अम्माचं औषध सुरू व्हायच्या आधी विचारतोय

टॉवेलवाला_पूर्वभाग
रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. औषध कुठलं घ्यावं हे विचारत नाही, ते डॉक्टरांनी ठरवलंय. मला फक्त समजून घ्यायचंय, कारण दोन रात्री झोप नाही.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. टॉवेलच्या कारखान्यात जेकार्डची डिझाइन काढतो. घरात तेलुगू, शाळा मराठी. बारावीला जीवशास्त्र सुटलं ते सुटलंच.

अम्मा ६३ वर्षांची. पस्तीस वर्षं विड्या वळल्या, मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू. सकाळी उठल्यावर मिशेरी, ती वेगळी. गेल्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला डाव्या गालात आतून चट्टा आला. मग तोंड उघडेना. कडक भाकरी आमटीत भिजवून भिजवून खायची, शेंगाची चटणी बंद केली, आणि आम्ही म्हणत होतो दाढ दुखत असेल. एका दवाखान्यात दोन महिने दाढेच्याच गोळ्या चालल्या. पुढचं काय सांगू. गाल कापला, मानेतल्या गाठी काढल्या, ३० वेळा लाइट (रेडिएशन) दिला. सात महिने बरे गेले. आता मानेत परत आलंय आणि ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणतात.

आता लिहून दिलंय ते असं: रोज एर्लोटिनिबची गोळी, दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिब, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून निव्होलुमॅब. तेही कमी डोसचं.

माझा भाचा बी. फार्म. करतोय. तो म्हणाला, "मामा, निव्होलुमॅब म्हणजे अँटिबॉडी." बायकोला ते अँटिबायोटिक वाटलं, तिला समजावण्यात अर्धा तास गेला. मग रात्री भाच्याने परत फोन केला. त्याने कुठेतरी वाचलं की ज्या उंदरांच्या अंगात अँटिबॉडी तयारच होत नाहीत त्यांना कॅन्सर कमी होतो, आणि अँटिबॉडी परत दिल्या की वाढतो. म्हणजे अँटिबॉडी गाठीला खतपाणी घालतात? मग तीच सलाईनमधून का द्यायची?

दुसरं, सेलेकॉक्सिब ही माझ्या सासूबाईंची गुडघेदुखीची गोळी आहे. कॅन्सरमध्ये तिचं काय काम? विचारायला गेलो तर ओपीडीत मागे चाळीस माणसं उभी. डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांना तरी वेळ कुठून आणायचा.

तिसरं, शेजारचे रोज गुळवेलीचा काढा आणून देतात. प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात.


कडुनिंब_५५
सकाळी ६:१२

काढा द्याच. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. माझ्या मेव्हण्याला फरक पडला. मॅब-फॅब सगळा कंपन्यांचा धंदा आहे.


सांडशी
सकाळी ९:०५

टॉवेलवाले दादा, मी डॉक्टर नाही. मूळची सोलापूरची, सात रस्त्याजवळ वाढले, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पेशींवर काम करते. त्यामुळे भाच्याने वाचलेल्या उंदरांबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे. भाचा बरोबर आहे. अर्धा.

माझं इथलं नाव सांडशी का, हे बरेच जण विचारतात. अँटिबॉडी, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन, मला तशीच दिसते. पुढे दोन जबडे, मागे मूठ. जबडे एकाच आकाराच्या भांड्याच्या काठाला बसतात. या जातीची सांडशी या भांड्याला, त्या जातीची त्या. मूठ मात्र थोड्याच प्रकारची असते. आपल्या पांढऱ्या पेशींना ती मूठ धरायला हात असतात, त्यांना एफसी रिसेप्टर म्हणतात. काही हातांनी मूठ धरली की पेशीला हुकूम जातो, मार, गिळ. एक हात उलटा आहे, त्याने धरली की हुकूम जातो, थांब. त्याचं नाव एफसी-गॅमा-टू-बी. नाव विसरा, थांबवणारा हात लक्षात ठेवा.

सन २००० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एक प्रयोग झाला. ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कॅन्सरवरचं आणि रिटुक्सिमॅब हे लिम्फोमा या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवरचं, अशी दोन अँटिबॉडी औषधं उंदरांतल्या माणसाच्या गाठींवर वापरली. साध्या उंदरांत गाठी दबल्या. ज्यांच्या पेशींना 'मार' म्हणणारे हातच नव्हते, त्यांच्यात औषधाचा बराचसा जोर गेला. ज्यांना थांबवणारा हात नव्हता, त्यांच्यात औषध आणखी चांगलं चाललं. औषध तेच, गाठ तीच. तोवर बऱ्याच जणांचा समज होता की जबड्यांनी गाठीच्या पेशीवरची खूण घट्ट धरली की काम झालं. मूठ धरायला कोण उभं आहे यावर एवढं अवलंबून असेल असं वाटलं नव्हतं.

आता भाच्याचे उंदीर. ते बहुधा कॅलिफोर्नियातले. त्यांच्या कातडीत एचपीव्ही-१६ या विषाणूची जनुकं घातली होती, त्यामुळे त्यांना कातडीचा स्क्वॅमस, म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर व्हायचा. अम्मांच्या गालाचाही बहुतेक स्क्वॅमसच असेल, तोंडाचे बहुतांश तेच असतात, म्हणून हे उंदीर तुमच्या कामाचे. २००५ मध्ये दिसलं की ज्यांच्यात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी नाहीत, त्यांच्या कातडीला सूज कमी आणि कॅन्सरकडे वाटचालही कमी. अशा उंदराला आजारी उंदराच्या रक्तातलं सीरम, म्हणजे ज्यात अँटिबॉडी असतात ते रक्तातलं पाणी, टोचलं की सूज परत. २०१० मध्ये त्याच गटाने ते हात, म्हणजे एफसी रिसेप्टर, काढून पाहिले, तर पुन्हा कॅन्सर कमी झाला.

कारण असं. तिथे अँटिबॉडी कॅन्सरच्या पेशीला पकडतच नव्हत्या. कातडीखालच्या भागात नुसत्या साचून बसल्या होत्या. मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी, या प्रतिकारशक्तीच्याच पेशी, आल्या, त्यांनी मुठी धरल्या, आणि समोर मारायला काही नसल्यामुळे त्यांनी त्यांचं दुसरं काम सुरू केलं. जखम भरायचं. नव्या रक्तवाहिन्या बोलवा, ऊती सैल करा, पेशींना वाढा म्हणा. खरी जखम असती तर आठ दिवसांत हे थांबलं असतं. गाठ मात्र कधी न भरणाऱ्या जखमेसारखी वागते आणि ही मदत घेत राहते.

हे फार नवंही नाही बरं का. १९५० च्या दशकात अमेरिकेत नेथन कॅलिस यांनी गाठीविरुद्धचं सीरम आधी टोचून मग उंदरात गाठ लावली, तर काही प्रकारच्या गाठी मरायच्या ऐवजी जास्त जोमाने रुजल्या. याला तेव्हापासून नावही आहे, एन्हान्समेंट.

म्हणजे अँटिबॉडी गाठीच्या बाजूने की विरुद्ध, या प्रश्नाला उत्तर नाही. जबड्यात काय आहे आणि मूठ कुणाच्या हातात आहे, हे विचारायचं.

आता निव्होलुमॅबकडे. ही सांडशी कॅन्सरला हातच लावत नाही. टी पेशी नावाच्या मारेकरी पेशींवर पीडी-१ नावाचा एक रिसेप्टर असतो, तो ब्रेक आहे. जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या गटाने १९९२ मध्ये तो शोधला. २०१८ चं नोबेल त्यांना आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम केलेल्या जेम्स अॅलिसन यांना मिळून दिलं. कॅन्सरच्या पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन मिरवतात आणि टी पेशी जवळ आली की तिचा ब्रेक दाबून धरतात. निव्होलुमॅब त्या ब्रेकवर नुसतं जाऊन बसतं. जागा अडवली, ब्रेक दाबता येत नाही.

इथे मूठ धरायला कुणी आलं तर उलट पंचाईत. जबड्यात आपलीच टी पेशी आहे, मॅक्रोफेजने मूठ धरून 'मार' सुरू केलं तर मरेल ती आपलीच. म्हणून निव्होलुमॅब मुद्दाम आयजीजी-४ या जातीचं बनवलंय, तिची मूठ गुळगुळीत असते, हाताला नीट लागत नाही. भाच्याला सांगा, औषध बनवणाऱ्यांनी मुठीचा विचार आधीच केलाय. तरी मॅक्रोफेज हात मारायचे थांबत नाहीत. २०१७ मध्ये उंदरांच्या गाठीत दिसलं की टी पेशीवर बसलेली अँटिबॉडी शेजारचे मॅक्रोफेज मूठ धरून ओढून नेतात. मला तो प्रयोग फार आवडतो, सूक्ष्मदर्शकाखाली चोरी पकडलीय.

सासूबाईंची गोळी. गाठीभोवतीची ती जखम भरणारी मंडळी कॉक्स-२ नावाच्या एन्झाइमने प्रोस्टाग्लँडिन बनवतात. गुडघ्यात त्याने दुखतं. गाठीत त्याने रक्तवाहिन्या वाढतात आणि टी पेशी सुस्तावतात. सेलेकॉक्सिब ते एन्झाइम अडवतं. म्हणजे भाच्याच्या उंदरांत जो गोंधळ होता, त्यातल्या एका भागावर तुमच्या चिठ्ठीत आधीच गोळी आहे. एर्लोटिनिब तिसऱ्याच जागी काम करतं: गाठीच्या पेशीवर ईजीएफआर हा वाढीचा रिसेप्टर असतो, त्याचा पेशीच्या आत असलेला भाग ते बंद करतं. बाहेरून तोच रिसेप्टर पकडणाऱ्या अँटिबॉडीही आहेत, सेटुक्सिमॅब, निमोटुझुमॅब.

कडुनिंब काका, कंपन्यांच्या धंद्याबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. पण 'नैसर्गिक म्हणून अपाय नाही' याबद्दल भांडेन. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली, आणि ती स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, हेही सांगते. पण दादा, अम्मांना जे औषध देणार आहेत त्याचा नेमका तोच धोका आहे, यकृताला सूज. मेथोट्रेक्सेटही यकृतावर भार टाकतं. उद्या रिपोर्ट बिघडला तर कशाने बिघडला ते डॉक्टरांना कळायचं कसं? काढा शेजाऱ्यांनाच पिऊ द्या.

आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा शब्दच माझ्या डोक्यात जातो. भाच्याच्या उंदरांत वाढलेलीच होती ना.


टॉवेलवाला_पूर्वभाग
दुपारी २:३०

ताई, जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. सांडशी डोक्यात बसली. काढ्याचं शेजाऱ्यांना कसं सांगायचं ते बघतो, वाईट वाटेल त्यांना.

एक विचारू? कमी डोस म्हणजे गरिबाचं औषध का? पुण्यात माझ्या मालकांच्या नात्यातल्या एकाला हेच औषध पूर्ण डोसने दिलंय म्हणे. आम्हाला २० मिलिग्रॅम. आणि "मंगळवारीच या, बुधवारी चालणार नाही" असं का सांगतात? खरं असेल ते सांगा. आकडा वाईट असला तरी चालेल. मी रोज आकडेच बघतो, इंचाला किती धागे, मीटरला किती ग्रॅम.


सांडशी
दुपारी ४:५०

वैतागून विचारलंत ते बरं केलंत.

नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तुमचा दर तीन आठवड्यांनी २०. आठवड्याच्या हिशोबाने अठरावा भाग. ऐकायला भयंकर वाटतं. पण निव्होलुमॅब रक्तातून कमी झालं तरी पीडी-१ वर जे बसलंय ते बसून राहतं, दोन-दोन महिने. अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत लहान आणि मोठ्या डोसमध्ये किती ब्रेक अडवले गेले हे मोजलं, तेव्हा फारसा फरक दिसला नव्हता. खुर्च्या ठरावीक, त्या भरल्या की जास्तीची माणसं दाराबाहेर.

यावर आपल्याकडेच, टाटा मेमोरियलला, चाचणी झाली आणि २०२२ मध्ये छापून आली. डोक्या-मानेचा कॅन्सर परत आलेले किंवा पसरलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना तुमच्या चिठ्ठीतली तीन तोंडी औषधं. बाकीच्यांना तीच, वर हे २० मिलिग्रॅम. एक वर्षाने पहिल्या गटातले १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. मधला रुग्ण, म्हणजे निम्मे पुढे आणि निम्मे मागे, तो ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. आकडा वाईटच आहे दादा, लपवत नाही. पण दोन्ही आकडे एकदम वाचा. काहींना महिने मिळतात, आणि काहींना बराच जास्त काळ मिळतो. अम्मा कुठल्या बाजूला असतील ते आधी सांगता येत नाही.

पूर्ण डोस आणि हा डोस समोरासमोर ठेवून पाहणारी ती चाचणी नव्हती, एवढं मात्र ध्यानात असू द्या. ज्यांना पूर्ण डोस परवडणारच नव्हता त्यांना निव्होलुमॅब अजिबातच न मिळण्यापेक्षा हे किती चांगलं, हा प्रश्न होता.

मंगळवारचं सोपं आहे. बाटली ४० मिलिग्रॅमची मिळते. २० लागतं. एकाच दिवशी दोन रुग्ण बोलावले की एक बाटली दोघांत वाटून होते. तुमच्याबरोबर आणखी कुणाचे तरी वडील नाहीतर आई येत असणार.


बार्शीची_सून
रात्री ८:२०

माझ्या सासऱ्यांना हेच चाललं होतं, आम्ही बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलला जायचो. विज्ञान ताईंनी सांगितलं, मी घरातलं सांगते.

एक वही करा. रोज संडास किती वेळा, खोकला, दम, वजन. सासऱ्यांना चौथ्या सलाईननंतर जुलाब लागले. आम्ही म्हटलं उन्हाळा आहे, आंबा खाल्ला असेल. ताक, साबुदाणा, दुकानातली जुलाब थांबवायची गोळी, तीन दिवस काढले. पाचव्या दिवशी उचलून न्यावं लागलं. ब्रेक सुटलेल्या पेशी आतड्यावरच धावल्या होत्या. स्टिरॉइड दिल्यावर दोन दिवसांत फरक पडला. साधे जुलाब समजून घरी बसू नका, दुसऱ्याच दिवशी फोन करा, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच, "इम्युनोथेरपी चालू आहे." सगळ्यांना ते माहीत नसतं. आमच्या इथल्या एकांनी साधं कॉलऱ्याचं समजून सलाईन लावलं होतं.

थायरॉइड आणि साखर दर खेपेला बघतात का ते विचारा. सासरे एकदम मरगळले, आम्हाला वाटलं आजार वाढला, निघालं थायरॉइड. गोळी चालू केल्यावर परत पेपर वाचायला लागले.

तोंड उघडत नसेल तर भाकरी दुधात कुस्करून मिक्सरला लावा, वर तूप. लाज वाटते त्यांना, आधी चार दिवस नाही म्हणतील.


सिद्धेश्वर_पेठकर
रात्री ९:१०

सीएआर-टी का नाही विचारत डॉक्टरांना? आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून बनवलंय, २०२३ मध्ये मान्यता मिळाली, मी वाचलंय. त्यातही रिसेप्टरच असतो ना.


सांडशी
रात्री ९:४५

पेठकर, असतो. तिथे टी पेशीलाच सांडशीचे जबडे बसवतात, म्हणजे मूठ धरायला कुणाची वाट बघायची गरज नाही. पण ते जबडे सीडी-१९ या खुणेला बसतात, आणि ती खूण बी पेशींवर असते. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये उपयोग. गालाच्या कॅन्सरवर ती खूण नाही. त्यांना उगाच मुंबईच्या फेऱ्या नकोत.

बार्शीच्या ताई, थायरॉइडचं मी लिहायला हवं होतं, विसरले. आभार.


टॉवेलवाला_पूर्वभाग
तेरा दिवसांनी, रात्री १०:१५

पहिलं सलाईन झालं. मंगळवारी गेलो. शेजारच्या खाटेवर मंगळवेढ्याकडचे एक आजोबा होते, त्यांनाही निव्होलुमॅबच. अम्माला सांगितलं, तुमची दोघांची बाटली एक आहे. तिने त्यांना डब्यातली पातळ खीर दिली. आता पुढच्या खेपेला ते येणार का, म्हणून मला विचारत असते.

वही केली. जेकार्डच्या ग्राफ पेपरवर केली, चौकोन आयतेच आहेत. संडास निळा, खोकला लाल. अजून लाल काही नाही. काढ्याचं बायकोने निभावलं. घेते आणि तुळशीला घालते. तुळस अजून जिवंत आहे.

आता नवीन भानगड. परवापासून अम्माच्या नाकावर, गालावर आणि छातीवर पुटकुळ्या आल्यात, तारुण्यपीटिकांसारख्या. तिला हसू येतंय, या वयात म्हणते. मला टेन्शन. हे सलाईनमुळे का?


सांडशी
रात्री १०:३२

बहुधा एर्लोटिनिबमुळे. ईजीएफआर कातडीतही असतो, तिथलाही बंद पडतो. गोळी आपण होऊन थांबवू नका. फोटो काढून उद्या वॉर्डच्या नंबरवर पाठवा, ते मलम लिहून देतील. पिंपलची क्रीम लावू नका, त्याने कातडी आणखी कोरडी पडते. चोळून धुवायचं नाही. आणि दुपारी अंगणात बसू देऊ नका, तुमच्याकडचं ऊन मला माहितीय.


बार्शीची_सून
रात्री १०:५०

खोबरेल आधी विचारून लावा. आमच्याकडे चाललं होतं. आजोबांना पण विचारा त्यांना आल्यात का.